नाव बदललं, कार्ड जुनंच राहिलं: एका बँक कर्मचारी मॅडमना पत्र

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, बँकेचंही नाही. फोनवर मला भलतंच सांगणाऱ्यांविरुद्धची तक्रार म्हणून कुणी हे पत्र वाचू नये, एवढंच त्यामागचं कारण. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते. तुम्ही जे सांगितलंत ते नाव बदलणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे आणि ते सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

नाव बदललं, आता क्रेडिट कार्डाचं काय करायचं, हे मी बँकेला फोनवर विचारलं होतं. उत्तर एका वाक्याचं होतं: जुनं कार्ड बंद करा, नव्या नावाने नवा अर्ज करा. ते कार्ड माझ्या पहिल्या नोकरीतलं. मी तुमच्यासमोर येऊन बसले आणि ऐकलेलं सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही कार्ड बंद करायचा फॉर्म सरळ खणात टाकलात. "नाव बदललंय, खातं नाही," म्हणालात, आणि दुसरा फॉर्म पुढे केलात.

मग आकडे. फायको स्कोअर, म्हणजे आपण कर्ज किती भरवशाने फेडतो याचे गुण. त्याच्या सूत्रात कर्जव्यवहार किती जुना आहे याला साधारण १५ टक्के वजन असतं, वेळेवर परतफेडीला ३५ आणि थकीत रकमेला ३०. या ३० टक्क्यांतच एकूण लिमिटपैकी किती वापरलं हेही मोजलं जातं. सगळ्यात जुनं कार्ड बंद केलं की त्याचं लिमिट जातं आणि खर्च तेवढाच असला तरी वापराची टक्केवारी वाढते. वरून नव्या अर्जाची चौकशी नोंदली जाते ती वेगळीच. फक्त नाव दुरुस्त केलं तर यातलं काहीच होत नाही. खातं तेच, ते उघडल्याची तारीख तीच, जुन्या खरेदीचा परतावा यायचा असेल तर तोही बिनबोभाट जमा होतो.

नाव का बदललं, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी उत्तर तयार करूनच आले होते, कारण त्याआधी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ते विचारलं होतं. तुम्ही नावबदलाचा कागद उजेडात धरलात, त्यावर दोन्ही नावं आहेत ना ते पाहिलंत आणि पुढच्या रकान्याकडे वळलात. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढचा रकाना होता 'कार्डावर छापायचं नाव'. तिथे आपण खरा वेळ घालवला. माझं नवं पूर्ण नाव मावेना. कार्डाच्या चुंबकीय पट्टीत आणि चिपमध्ये नावासाठी मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त २६ अक्षरं ठेवलेली असतात, त्यामुळे काहीतरी कापावंच लागतं, हे मला तेव्हा कळलं. काय कापायचं ते ठरवताना तुम्ही माझं ओळखपत्र शेजारी ठेवायला लावलंत. छापलेलं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे, कारण हॉटेलात किंवा विमानतळावर कार्ड आणि ओळखपत्र एकत्र मागितलं की घोळ तिथेच होतो. पेन्सिलीने खोडत खोडत आपण ते बसवलं. सही बदलणार असेल तर नमुना सहीचा कागद आजच भरा, असंही सांगितलंत. नवं नाव आणि जुनी सही अशी जोडी पुढे कुठेतरी आडवी येतेच.

पत्ता आणि मोबाइल नंबरही त्याच दिवशी बदलून घ्यायचा माझा विचार होता. तुम्ही नको म्हणालात. नाव, पत्ता, फोन एकदम बदललं की कुणीतरी खातं बळकावतंय अशी शंका यंत्रणेला येते आणि कार्ड अडकू शकतं. आधी नाव, ते नोंदलं गेल्याचा संदेश आला की बाकीचं. ओटीपी जुन्याच नंबरवर येत राहिल्यामुळे मधल्या काळात माझं काहीच खोळंबलं नाही.

सगळ्यात उपयोगी ठरला तो तुम्ही हाताने लिहून दिलेला कागद. कार्डाचा नंबर तोच राहिला तरी नव्या कार्डावर मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही बदलू शकतात, म्हणून ते जिथे जिथे सेव्ह केलंय त्या जागा आधीच लिहून काढा. त्यासाठी एका महिन्याचं स्टेटमेंट पुरत नाही, वर्षभराची काढावी लागतात, कारण वर्षातून एकदाच कापले जाणारे पैसे आपल्या लक्षात राहत नाहीत. अगदी खरं! विम्याचा हप्ता आणि फोटो साठवायची जागा, दोन्ही मी विसरलेच होते. व्हिसा आणि मास्टरकार्डची नवे तपशील परस्पर दुकानदारांपर्यंत पोचवणारी सेवा आहे, पण सगळ्या बँका आणि सगळे दुकानदार तिच्यात नसतात, तेव्हा तिच्यावर विसंबू नका, हेही त्याच कागदावर होतं. नवं कार्ड चालू होईपर्यंत जुनं कापायचं नाही. आणि पहिलं बिल ऑटो-डेबिटवर न सोडता हाताने भरायचं, कारण पैसे ज्या खात्यातून जातात तिथलं नाव अजून जुनं असेल तर व्यवहार परत जाऊ शकतो. ३५ टक्क्यांवाल्या रकान्यात पहिला डाग लागायला तेवढं पुरे.

क्रेडिट रिपोर्ट मी काही काळाने मागवला. त्यात दोन्ही नावं दिसली. जुनं नाव काढून टाका, असं लिहायला माझे हात शिवशिवत होते. पण तुम्ही आधीच बजावलं होतं की ते राहू द्या, रिपोर्ट बनवणारा क्रेडिट ब्युरो जुन्या नोंदी त्या नावावरूनही जुळवतो. फक्त नवं नाव मुख्य म्हणून आलंय का आणि खातं उघडल्याची तारीख मूळचीच आहे का, एवढं पाहा. दोन्ही ठीक आहे. जुनं नाव तिथे पाहून बरं वाटत नाही, पण ते माझं मी बघेन.

तुमच्या वरिष्ठांना वेगळं पत्र दिलं आहे. त्यात तुमच्या कौतुकासोबत एक मागणीही आहे: तुमचा तो हाताने लिहिलेला कागद छापून फोनवर उत्तरं देणाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा. झेरॉक्स जोडली आहे. तुमचं अक्षर सुवाच्य आहे, टाइप करायचीही गरज नाही.

कळावे,
आपली कृतज्ञ,
एक जुनी कार्डधारक