साउंडला तूच ये

प्रिय मित्रा,

परवा फोन केला तेव्हा तू सेटवर होतास, मागून कुणीतरी रोल साउंड म्हणून ओरडलं आणि फोन कट झाला. म्हटलं आता निवांत लिहूनच काढू, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या तुकड्यात होणार आणि मुद्दा राहूनच जाणार. मुद्दा आधीच सांगून टाकतो. ऊसतोडीची फिल्म मी या सीझनला काहीही करून पूर्ण करतोय आणि साउंडला मला तूच पाहिजेस.

बाकी पोटापाण्याचं बरं चाललंय. एनजीओंच्या फिल्म्स चालू आहेत, तेच ते, तीन मिनिटं, सुरुवातीला ड्रोन, मग विहीर किंवा शाळा, मग लाभार्थी हसताना. सकाळी पोचायचं, दिवस मावळायच्या आत पॅकअप. बिल टाकलं की दोन-तीन महिने फॉलोअप करायचा आणि दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात. पण त्या कामाला मी नावं ठेवत नाही, लेन्सचा हप्ता त्यातूनच जातो. फक्त त्यात एक होतं, समोरचा माणूस बोलायला लागायच्या आत आपण गाडीत बसलेलो असतो. डॉक्युमेंट्रीला दिवस लागतात रे, कॅमेरा बॅगेतच ठेवून नुसतं बसायचे दिवस, आणि त्या दिवसांचे पैसे कुठल्याच बजेटमध्ये नसतात. पूर्वी निदान पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजन होतं, १९४८ पासूनचं, २०२२ ला तेही एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. आता इंग्रजीत पिच लिहा, ट्रेलर कापा आणि बाहेरच्या चॅनलवाल्यांना काही मिनिटांत पटवा. तेही करतोय, पण ऊस काही त्यांच्या उत्तरासाठी थांबणार नाही.

तर तूच का, ते सांगतो. २०१९ ला बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची बातमी झाली होती, आठवत असेल. सरकारी समितीने सर्व्हे केला, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली आणि त्यातल्या १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या वेळी किती कॅमेरे आले आणि गेले. पिशवी कधी काढली, कुठं काढली, किती पैसे लागले, एवढं विचारलं, बाईट घेतला, निघाले. आता कॅमेरा दिसला की त्या बायका पदर सावरून बसतात आणि तेच पाठ झालेलं बोलतात. मी माइक न लावता बसलो तेव्हा वेगळंच कळायला लागलं, पहाटे कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, चूल पेटवताना, पाण्याच्या हंड्यामागे, पोरीला वेणी घालताना त्या आपापसात जे बोलतात ना ते. खाडा झाला तर किती कापतात, पाळीच्या दिवसांत फडात, म्हणजे तोडीच्या शेतात, कुठं जायचं, मोठी पोरगी गावी कुणाजवळ ठेवायची. यातल्या बऱ्याच जणी म्हणतात आवाज घे, तोंड नको दाखवू. आणि बरोबरच आहे त्यांचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्या कोयत्यावर, ती फिटली नाही तर पुढच्या सीझनला त्याच मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, जायचं. फिल्ममध्ये चेहरा ओळखू आला तर त्याची किंमत ती भरणार, मी नाही. म्हणजे ही फिल्म बघण्यापेक्षा ऐकायचीच जास्त असणार आहे. चित्राचं मी बघून घेईन.

एक रात्र सांगतो म्हणजे अंदाज येईल. गाडी फडात कधी येईल याचा नेम नसतो, दिवसभर तोडून जरा पाठ टेकली की ट्रॅक्टर हजर. त्या रात्री उजेड फक्त ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा. मी एफएक्स थ्री कॅमेरा १२८०० आयएसओवर नेला, पंचवीस फ्रेम, शटर एक-पन्नास, आणि जिथं होतो तिथंच बसून राहिलो. ट्रॉलीला फळी लावलेली, एक बाई साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून, डोक्यावर मोळी, फळीवर चढते, वर मोळी टाकते, उतरते, परत मोळी. पायाखाली फळी वाकते आणि दर वेळी एकाच जागी कुरकुरते. ती वर गेली की अंधारात जाते, उतरली की हेडलाइटमध्ये येते. मी कट केलाच नाही. फ्रेम सुंदर आहे हे मला माहितेय, पण कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये नुसतं ट्रॅक्टरचं इंजिन आणि त्यावर फुल आवाजात लावलेली गाणी. फळीची कुरकुर नाही, तिचा श्वास नाही, वर पोचल्यावर ती खालच्या पोराला काहीतरी म्हणते ते नाही. त्यात गाण्यांच्या हक्कांचं लफडं वेगळंच, मधे कट मारला की गाणं उडी मारतं आणि तसंच ठेवलं तर म्युझिक कंपनीचे पैसे कोण भरणार.

म्हणून विचारतोय, लेपल, तो कपड्याला लावायचा छोटा माइक, त्या शर्टाच्या कॉलरच्या आतून लावता येईल का? घाम भरपूर असतो, पाचटाची सळसळ सतत, वर ऊसाची कूस, ती टोचणारी बारीक लव, अंगभर, म्हणजे मला वाटतं माइकला पण त्रास होईल. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, घेऊन मोळीवाल्यांच्या वाटेत उभं राहता येत नाही. तुझ्याकडचा ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर घे, कारण कोयत्याचा खटका आणि कुजबुज दोन्ही एकाच मिनिटात येतात. नुसता फडाचा आवाज मात्र वेगळा भरपूर घेऊ, पहाटेचा, भर दुपारचा, गाडी गेल्यानंतरचा.

परवानगीचं मी असं ठेवलंय, मुकादम हो म्हणाला म्हणजे बायका हो म्हणाल्या असं धरायचं नाही. कोपीत जाऊन वेगळं विचारायचं, आणि सीझन संपून त्या गावी परतल्या की लॅपटॉपवर दाखवायचं, ऐकवायचं, जे नको म्हणतील ते काढायचं. एडिटरला हे आधीच सांगितलंय, चांगला सीन गेला तर जाऊ दे.

पैशाचं स्पष्ट बोलतो. तुला सिरियलमध्ये दिवसाचे जेवढे मिळतात तेवढे देऊ शकणार नाही, पण फुकट बोलावत नाहीये. दोन एनजीओंची बिलं अडकलीत, त्यातलं पहिलं आलं की तुझा अ‍ॅडव्हान्स, उरलेलं शूट झाल्यावर, आणि फिल्मला पुढे काही मिळालं तर तुझा वाटा लिहून देतो. राहायचं जवळच्या गावात, बॅटऱ्या आणि हार्डडिस्कचं काम तिथंच करू, तासाला शंभर जीबीच्या वर फुटेज होतंय आणि दोन कॉप्या केल्याशिवाय मी कार्ड रिकामं करत नाही.

टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे निघतात. मला बीडमधल्या केजकडून, त्यांच्या गावातूनच निघायचंय, संसार ट्रॅक्टरवर चढवतात तिथपासून, मग त्यांच्याबरोबर सांगलीकडे. सगळा सीझन जमणार नाही तुला, कळतं. पण पहिला आठवडा आणि जानेवारीत ऐन तोडीचा एखादा, एवढं काढ. प्रॉडक्शनला आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी ते सोडत नाहीत. वहिनींना मी स्वतः फोन करतो. फुल बाह्यांचे दोन शर्ट आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आण, ऊसाचे बुडखे पायाला लागतात.

तारखा कळव.

तुझा,
मी