काकू, बाबांना रिकार्टन दाखवलंत त्याबद्दल

प्रिय काकू,
सा. न.

गेल्या डिसेंबरात तुम्ही बाबांना न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचं रिकार्टन बुश, म्हणजे शहरातलं जुनं जंगल, दाखवायला नेलंत. त्या दिवशी नुसतं ‘थँक्यू’ म्हणून आम्ही निघालो. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबा माणदेशातले, जन्म मेंढरांमागे गेलेला. इथलं शहर, दुकानं, बागा, कशातच त्यांचं मन रमत नव्हतं. रिकार्टनमधल्या डीन्स कॉटेजच्या दारात मात्र त्यांनी बैठक मारली. स्कॉटलंडच्या एअरशरमधून आलेल्या विल्यम आणि जॉन डीन्स या भावांचं हे 1843 सालचं लाकडी घर. वाटाडे सहसा सनावळ्या सांगून मोकळे होतात. बाबांचे प्रश्न निराळेच होते: मेंढरं आणली कुठनं? रान कुणाचं? आणि मालक गेल्यावर कळप कुणी सांभाळला?

तुम्ही एकही प्रश्न हसण्यावारी नेला नाहीत. मेंढरं न्यू साउथ वेल्समधून, गुरांसोबत जहाजानं आली. रान न्गाय ताहू या माओरी जमातीचं, म्हणजे इथल्या मूळ लोकांचं. भावांनी 1846 मध्ये ते त्यांच्याकडून भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला 8 पौंड. “म्हणजे चराई भरत होते,” बाबा खूश झाले. पण तुम्ही तिथं थांबला नाहीत. दोनच वर्षांनी सरकारनं कँटरबरीचा अफाट मुलूख 2,000 पौंडांत घेतला आणि न्गाय ताहूंसाठी राखायची जमीनही पुरेशी दिली नाही, हेही सांगितलंत. पाहुण्यांना गोड तेवढंच सांगायची इथे पद्धत आहे, म्हणून हे मला फार मोलाचं वाटलं.

तिसऱ्या प्रश्नाला तर तुम्ही घरातल्या माणसांबद्दल बोलावं तशा बोललात. विल्यम 1851 मध्ये आणखी मेंढ्या आणायला सिडनीला निघाला आणि वेलिंग्टनजवळ जहाज फुटून बुडाला. जॉन स्कॉटलंडला जाऊन जेन मॅकिलरेथशी लग्न करून 1853 मध्ये परतला, आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेला. वय 34. मुलगा वर्षाचाही नव्हता. जाताना त्यानं हे जंगल राखायला सांगितलं होतं. जेननं पुन्हा लग्न केलं नाही. कारभारी हाताशी होते, तरी मुलगा आणि जंगल दोन्ही तिनंच जपलं. ती 1911 मध्ये वारली, आणि 1914 मध्ये कुटुंबानं काहिकाटिया या इथल्या उंच वृक्षांची ती झाडी शहराला देऊन टाकली.

“वाडा बाईनं राखला म्हणा की!” बाबा म्हणाले. मेंढपाळांचा वाडा म्हणजे कळप आणि बिऱ्हाड. गावी पारावर आता डीन्सची गोष्ट सांगतात. त्यात विल्यम-जॉन दोन वाक्यांत उरकतात.

त्यांनी तुमच्यासाठी घोंगडं पाठवलंय. लोकर म्हटल्यावर विमानतळावर रीतसर नोंद झाली, तपासणी झाली, पण सुटलं एकदाचं. शनिवारी रिकार्टन हाऊसच्या बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. अंगाला टोचतं, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
शेजारीण