क्षमा कोण करणार, या तुझ्या प्रश्नावर

चि. राहुल,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून पाठवते" म्हणाले, कारण असं बोलणं फोनवर अर्ध्यातच तुटतं. मित्राबरोबर तू पुण्यात प्रार्थनासभेला गेलास. पाळकांनी सांगितलं, प्रभूने तुला क्षमा केली आहे. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तुला मोकळं रडू आलं. मग तू मला म्हणालास, "आई, आपल्या विहारात मला कोण क्षमा करणार?"

बाबांनी बोलावलं तेव्हा तू "रिलीज झाला की येतो" म्हणालास आणि ते तोवर थांबले नाहीत, हे तुला आतून खातंय, ते मला कळतं. ते तुझ्यावर रागावले नव्हते. मी उशाशी बसलेली होते. पण मी सांगून तुझं मन हलकं व्हायचं असतं, तर केव्हाच झालं असतं. म्हणून तू जे विचारलंस त्यावरच लिहिते.

तू ख्रिस्ती होशील, या धास्तीने हे पत्र लिहीत नाहीये. १९३८च्या जानेवारीत बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते. धर्मांचा तौलनिक अभ्यास केल्यावर दोनच व्यक्तिमत्त्वांनी मला भारून टाकलं, बुद्ध आणि ख्रिस्त, असं त्यांनी तिथे सांगितलं. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा १९३५ची, दीक्षाभूमीवरचा दिवस १९५६चा. मधली एकवीस वर्षं त्या माणसाने वाचण्यात आणि तोलण्यात घातली. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचंही तसंच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. पण बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, मुंबईत, पुरता विचार करून, घरदार दुरावेल हे ठाऊक असताना. त्या संध्याकाळचं तुझं रडू खरं आहे, पण तेवढ्यावर जन्माचा निर्णय करू नकोस.

आणि "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्य तर मनातून काढूनच टाक. शील दोन्हीकडे सारखं दिसतं: चोरी नको, खोटं नको, वैऱ्याशीही वैर नको. पण माणूस चुकल्यावर त्याचं पुढे काय होतं, इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. तुझा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला एक अपराधी आहे. मरायला काही घटका उरलेल्या. तो म्हणतो, आम्ही आमच्या कर्माचंच फळ भोगतोय, पण तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. येशू त्याला म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. ज्यांना त्याने लुबाडलं असेल त्यांना भेटायला वेळ नाही, काही भरून द्यायला हात मोकळे नाहीत. नुसतं मागितलं आणि मिळालं. ख्रिस्ती माणूस याला कृपा म्हणतो. ती कमवायची नसते, पदर पसरून घ्यायची असते.

आता आपला अंगुलिमाल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा, भगवंतांना शरण आला, भिक्खू झाला. आपल्याकडे गोष्ट बहुतेक इथेच संपवतात, पण मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहात, ती पुढे जाते. तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांनी भिरकावलेले दगड-काठ्या त्याला लागतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. आणि भगवंत म्हणतात, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ तू इथेच भोगतो आहेस. भगवंतांनी त्याला जवळ केलं, त्याचं सगळं जिणं पालटून टाकलं, पण त्याच्या वाटचे दगड चुकवले नाहीत. "नाञ्ञो अञ्ञं विसोधये", एक दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही, असं धम्मपदात आहे ते हेच. बाबासाहेबांनी तेच आपल्या शब्दांत मांडलं: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे, की तू ज्या अर्थाने क्षमा म्हणतोस, त्या अर्थाने आपल्या विहारात तुला कोणीही क्षमा करणार नाही. भन्तेजी नाही, बुद्धमूर्ती तर नाहीच.

हे ऐकायला कठोर वाटेल. मला स्वतःला ते पटलं ते नर्सिंगच्या नोकरीत, वॉर्डात. एका रात्री ड्युटीवर माझ्याबरोबर नगरकडच्या एक ख्रिस्ती सिस्टर होत्या, माझ्याहून थोरल्या. लिव्हर गेलेला एक पेशंट, पोट पाण्याने तटतटलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. जन्मभर पिऊन बायकोला मारलेलं. पहाटे त्याने सिस्टरांचा हात धरून विचारलं, "देव मला माफ करील का?" त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "करील. तुम्ही मागा फक्त." त्यांनी प्रार्थना केली आणि त्याचा चेहरा सैलावला, श्वाससुद्धा संथ झाला. नाडी माझ्या हातात होती, त्यामुळे हे मी नुसतं ऐकलेलं नाही. पण पलंगाच्या पायथ्याशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. ती डबा स्टुलावर ठेवून बाहेर गेली.

मी नंतर सिस्टरांना विचारलं, त्या बाईचं काय? त्यांना राग आला नाही. त्यांनी मला मत्तयमधला उतारा दाखवला: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. जक्कयाची गोष्टही सांगितली, ज्याने फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हटलं. म्हणजे ख्रिस्ताने पळवाट ठेवलेली नाही. लोक ती काढतात, जसे आपले लोक पंचशील म्हणून थेट बारकडे वळतात. तरी माझं मन तेव्हापासून भगवंतांकडेच राहिलं. जिथे दुखावलं, तिथेच जाऊन निस्तरावं लागतं, ही शिस्त मला जास्त खरी वाटते.

पण एक गोष्ट ख्रिस्ती मंडळींना आपल्यापेक्षा जास्त कळली आहे, ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. मोडून पडलेल्या माणसाला "स्वतःच स्वतःचा नाथ हो" म्हणून भागत नाही. आधी कोणीतरी शेजारी बसावं लागतं. तुझ्या खांद्यावर त्या सभेत कोणीतरी हात ठेवला. आपल्या विहारात जयंती होते, भाषणं होतात, वर्षावासात ग्रंथवाचन होतं, पण मागे बसून रडणाऱ्याची विचारपूस कोण करतं? खरं तर हे आपल्याच शिकवणुकीत आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाबरोबर स्वतः धुतलं आणि संघाला सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. येशूही मत्तयमध्ये तेच म्हणतो: मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. नर्सिंगच्या सगळ्या नोकरीत मला या दोन वाक्यांत अंतर दिसलं नाही. नगरच्या सिस्टर आणि मी एकच बेडपॅन धरत होतो.

आणखी एक, तुझ्यासाठी महत्त्वाचं. केलेल्या चुकीवरून मन पोखरत बसणं याला भगवंतांनी पाच नीवरणांत, म्हणजे मनाला अडवणाऱ्या पाच गोष्टींत, धरलं आहे, कामवासना आणि द्वेषाच्या रांगेत. चुकीची लाज वाटणं चांगलं, ती माणसाला राखते. पण तेच तेच उगाळणं हा मनावरचा अडसर आहे आणि तो बाजूला सारायचा असतो. चूक ओळखावी, कोणापाशी तरी उघड बोलावी, पुढे न करण्याचं ठरवावं, बस्स. तू माझ्यापाशी बोललास, म्हणजे यातलं निम्मं केलंस. (आणि कोणी नातेवाईक तुला सांगेल की बाबांचं दुखणं मागल्या जन्मीचं कर्म होतं, तर ऐकून घेऊ नकोस. मागल्या जन्मीचं कर्म सांगून आपल्या आजोबा-पणजोबांना गावाबाहेर ठेवलं होतं. बाबासाहेबांनी कर्माचा तो अर्थ मोडीत काढला.)

व्यवहाराचंही सांगून ठेवते, कारण दुसरं कोणी नीट सांगणार नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, पुढे शिखांना, आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना त्या अजूनही नाहीत. मला हा अन्याय वाटतो. श्रद्धा यावरून ठरवू नकोस, पण माहीत असू दे.

आता माझं म्हणणं ऐक. रविवारी उपासनेला जावंसं वाटलं तर जा. लूकचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने वाच. आणि सुट्टी काढून इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर कर. तिथे बोलायला कोणी नसतं, रडू आलं तर पुसायला कोणी येत नाही, श्वास आणि तू. पहिले दिवस जड जातील, पण पळून येऊ नकोस. एकीकडे तू कोणाला तरी हाक मारशील, दुसरीकडे हाक मारायला कोणी नसेल. दोन्हीकडे मनाचं काय होतं ते स्वतः बघ, मग मला सांग. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं तर आधी कळव, मी येऊन पहिल्या बाकावर बसेन.

आणि बाबांच्या बाबतीत काही करायचंच असेल, तर विहाराच्या अभ्यासिकेत ते दर शनिवारी दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे, ती वेळ अजून रिकामीच आहे. मुलं येतात, थोडी वाट पाहतात आणि आपापली पुस्तकं उघडतात. तू पुण्याहून व्हिडिओवर शिकवू शकशील का, ते अभ्यासिकेच्या सरांना विचारून ठेवते. होय-नाही तेवढं कळव.

तुझी,
आई