ग्रॅनच्या गावी जाताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

स्कॉटलंडमधल्या डंडीला शिकायला चालली आहेस, म्हणून ग्रॅनबद्दल थोडं लिहिते. तुला आठवते ती मेलबर्नच्या घरातली, शॉर्टब्रेडचा डबा पुढे करणारी आजी. मला ती माग चालवणारी म्हणून जास्त जवळची होती. तिच्या गावात पाऊल ठेवण्याआधी तुलाही ती तशी माहीत असावी, असं फार वाटतं.

15 व्या वर्षी शाळा सुटली आणि ती तागाच्या गिरणीत लागली. त्या गावात बायकाच कमावत्या. बाईची मजुरी मालकांना स्वस्त पडे. पोरगे मोठे होऊन पुरुषाची मजुरी मागायच्या वयाला आले की त्यांना काढून टाकत. घरी बसलेल्या पुरुषांना गाव ‘केटल बॉयलर’ म्हणे, चहाचं आधण ठेवणारे. ग्रॅनचे वडील त्यातलेच. पण त्यांच्या हातचं सूप आईपेक्षा चांगलं होत असे, हे ती आवर्जून सांगायची.

ताग यायचा पूर्व पाकिस्तानातून, आणि त्याआधी कितीतरी वर्षं अखंड बंगालातून. तो इतका राठ की मऊ करायला पूर्वी देवमाशाचं तेल लावत. देवमासे मारणारी जहाजं डंडीच्याच बंदरातली, म्हणून तर हा धंदा तिथे रुजला. पुढे हुगळीकाठी गिरण्या निघाल्या. त्या चालवायला डंडीचीच माणसं गेली आणि तिथल्या स्वस्त मालाने डंडीचंच पोट मारलं. पण बंगाली कामगारांबद्दल ग्रॅन कधी वाकडं बोलली नाही. तिचा राग मालकांवर.

माग सुरू असले की शेजारणीची हाकसुद्धा ऐकू येत नसे. मग ओठ वाचायचे, हातांनी खुणा करायच्या. लग्न होऊन मी आले तेव्हा तिला बरंच कमी ऐकू यायचं, आणि माझं इंग्रजी इचलकरंजीचं. दुकानदार मला दोनदोनदा विचारत. सासूबाईंना पहिल्यांदाच कळे, कारण त्या माझे ओठ बघत. एकदा मी सांगितलं, आमच्या गल्लीत रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट असायची. तिने लगेच शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, तोडला, आणि अंगठा व पहिल्या बोटात धरून एका झटक्यात गाठ मारून दाखवली. माझे काका मारायचे तश्शीच. त्या दुपारी मला पहिल्यांदा त्या घरात परकं वाटलं नाही.

विणणाऱ्या बायका स्वतःला सूत काढणाऱ्यांपेक्षा वरच्या समजत. कामाला जातानाही डोक्यावर हॅट, हातात मोजे. ग्रॅन भाजी आणायलाही हॅट घालून निघायची ना, ते तिथलं.

लग्नानंतर ग्रॅन आणि आजोबा दहा-दहा पौंडांत ऑस्ट्रेलियाला आले. बाकीचं भाडं सरकारचं. दोन वर्षं राहायचं, नाहीतर ते फेडायचं. ग्रॅनची आई वारली तेव्हा तिला डंडीला जाणं परवडलं नाही. याबद्दल ती फार कमी बोलायची, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

डंडीतली शेवटची तागाची गिरणी 1999 मध्ये बंद झाली. व्हर्डंट वर्क्स नावाच्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे, ते बघच. डंडीच्याच लोची भागातली कॉक्स स्टॅक ही गिरणीची 282 फुटी चिमणीही अजून उभी आहे. तुझ्या विद्यापीठाच्याच दफ्तरखान्यात गिरण्यांची जुनी कागदपत्रं आहेत. वेळ काढून तिचं माहेरचं नाव कुठे सापडतं का बघ. सापडलं तर फोटो काढून आधी बाबांना पाठव, मग मला.

तुझी,
आई