वर्ग खाली आणायला निधी लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमासाठी आमच्या भागातल्या एका शाळेने निवृत्त शिक्षिका म्हणून मला बोलावलं होतं. फलकलेखन सुरेख, भाषणं जोरात. व्हीलचेअरवरच्या एका मुलीला दोघांनी खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर ठेवलं, गुलाबाचं फूल आणि कंपासपेटी दिली, टाळ्या झाल्या. खाली आल्यावर मी तिला विचारलं, "कितवीत गं तू?" म्हणाली, "सातवीत. पण बसते सहावीत."

सातवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर भरतो. म्हणून ही तळमजल्यावर सहावीच्या पोरांत बसून आपली पुस्तकं उघडते. तिच्या बाई सवड मिळाली की खाली येतात.

सहावी वर आणि सातवी खाली, एवढंच करायचं होतं. त्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

शाळेला रॅम्प आहे, तोही मी पाहिला. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार हवा. दारात तीन पायऱ्या, म्हणजे साधारण दीड फूट उंची. उतार हवा अठरा फुटांचा. बांधलाय जेमतेम सहा फुटांचा. त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याचीच परीक्षा! पण अहवालात 'रॅम्प आहे' या रकान्यात 'होय' लिहून झालं असणार.

यात कोणी दुष्ट नाही, हे मी खात्रीने सांगते, कारण मीही यातलीच. नोकरीत असताना माझ्या वर्गात एक मुलगा दर तासाला पाणी प्यायला जायचा. टाळाटाळ करतो म्हणून मी त्याला एकदा बाकावर उभं केलं. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. त्या मुलांना सतत पाणी लागतं, उन्हातली कवायत झेपत नाही, दुखणं उठलं की दिवस दिवस शाळा बुडते. आपल्या विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो, तरी प्रशिक्षणात मला तो कोणी शिकवला नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया हा रक्ताचाच दुसरा आजार आहे, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. शाळांच्या भिंतीवरच्या चित्रांत मात्र अजून खुर्ची, काठी आणि काळा चष्माच.

तेच परीक्षेचं. वाढीव वेळ, लेखनिक या सवलती दहावीचा फॉर्म भरताना आठवतात. मग प्रमाणपत्रासाठी पालकांची जिल्हा रुग्णालयात धावपळ. पाचवीच्या घटक चाचणीत त्याच मुलाला पंधरा मिनिटं जास्त द्यायला कोणी अडवलंय? ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, यालाही काही खर्च नाही.

पालकांनाही एक सांगायचं आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश वंचित घटकात झाला. त्या घटकातल्या पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तिथे बसा. खोल्यांचं वाटप, सहलीचं ठिकाण, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी हे विषय तिथे काढता येतात. सहलीच्या दिवशी 'तिला त्रास नको' म्हणून घरी ठेवणं हे शाळेइतकंच घरच्यांकडूनही होतं, हेही खरं.

त्या मुलीला निघताना मी वाचनाची आवड विचारली. शाळेचं ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे. दोन वर्षांत तिने ते पाहिलेलं नाही. मुख्याध्यापकांशी तिथल्या तिथे बोलले. पुस्तकांची एक पेटी दर शनिवारी खाली आणायचं त्यांनी कबूल केलं. वर्गाबद्दल म्हणाले, "पुढच्या जूनला बघू."

जूनला अजून सहा महिने आहेत.

एक निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर