रंग लावायच्या आधी

रेवदंडा, आषाढ वद्य

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही. तू दोनदा केलास, मी उचलला नाही. वहिनींना कामात आहे म्हणून कळवलं, तेही खरं नव्हतं. "नागपुरात फुटाळ्याच्या काठावर बसून मला समुद्र शिकवू नकोस" असं मी तुला बोललो, तेही होड्या बांधणाऱ्या अण्णांच्या पोराला. त्यानंतर तुझं नाव फोनवर आलं की हात मागे यायचा. आज लिहितोय, कारण काल होडीत जे हाताला लागलं ते इथे कुणाला सांगून उपयोग नाही. सगळे म्हणतात, नवी आहे, होतं थोडंफार.

आई बरी आहे, गुडघे तसेच. माझी शुगर गोळीवर.

तू म्हणाला होतास, शेवटचा हप्ता धरून ठेव, आधी जाणकार माणूस आत उतरव. मी गोव्याला गेलो तर यार्डात होडी तयार उभी. २१ फूट, पांढरीशुभ्र, वरच्या चकचकीत जेलकोटच्या थरात माझं तोंड दिसत होतं, मागे ६० हॉर्सपॉवरचं कोरं इंजिन. सगळे मिळून १४ लाख. मी तिथेच उभ्या उभ्या सही केली. अण्णा रंग लावायच्या आधी मालकाला होडीखाली झोपायला लावायचे. "बघ, हात फिरव, मग रंग." आपण दोघं कंदील धरून बसायचो. ते सगळं डोळ्यांनी बघितलेला मी, बंड्या, आणि मी नुसता रंग बघून आलो.

मे महिन्यात आईला, तुझ्या वहिनीला आणि पोरांना घेऊन कोर्लईच्या टोकापर्यंत गेलो. आईला दर्यातून किल्ला बघायचा होता. डबा खायला नांगर टाकला. दुपारचा वायव्येचा वारा सुटला, होडीने दोन हिसके दिले आणि तिसऱ्याला नांगराचा दोर ज्या क्लीटला बांधला होता ती क्लीट डेकमधून उपटून पाण्यात. स्क्रूसकट. आम्ही आडवे होऊन खडकाकडे निघालो. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं म्हणून हे पत्र लिहितोय. धाकटीने आजीला घट्ट धरलं होतं. किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी बोललं नाही. आईने फक्त डब्याचं झाकण लावलं.

घरी येऊन भोकं बघितली. चार स्क्रू, नुसते वरून पिळलेले. खाली पट्टी नाही, वॉशर नाही, नट-बोल्ट नाही. भोकांत सीलंटचा थेंब नाही. डेकच्या दोन फायबरांच्या मध्ये जे प्लायवूड असतं ते त्या चार भोकांतून महिनोन्‌महिने पाणी पीत होतं. बोटाने खरवडलं तर काळा चोथा निघाला, ओल्या तपकिरीसारखा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अख्खा डेक वाजवत गेलो, बाजारात नारळ वाजवून घेतो तसा. मागे टणटण, आणि पुढे त्या भोकांपासून हातभर जागा सगळी भद. ते भद कानात बसलंय.

कालचं सांगतो. पावसासाठी होडी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलीय. खालची फळी उचलली, कारण उन्हाळ्यात बिल्जमध्ये, फळीखालच्या तळात, रोज पाणी दिसायचं आणि यार्डवाला म्हणायचा, पावसाळी हवेचं आहे. एप्रिलमध्ये! पाणी तळातून घेणारा जो व्हॉल्व्ह आहे, त्याला पान्याने जरासं फिरवलं आणि तो तुटून माझ्या हातात आला. तुटलेली कड गुलाबी, बंड्या, बिस्किटासारखी भुसभुशीत. साधं पितळ. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, मागे तांब्याचा सांगाडा उरतो. तिथे ब्राँझ हवं, हे तू आणि मी बारा वर्षांचे असताना माहीत होतं. आणि एका मोसमात एवढं झालं, कारण शेजारच्या पंपाच्या वायरीचा जोड नुसता पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेला, तो बिल्जच्या पाण्यात बुडालेला. करंट गळत होता, व्हॉल्व्ह खात होता. वायरही साधी तांब्याची, कल्हई नसलेली, आतून काळीठिक्कर. हे पाण्यात असताना तुटलं असतं तर मनगटाएवढं भोक. कोर्लईच्या त्या दिवशी तो व्हॉल्व्ह तिथेच होता. आई त्याच्याच वरच्या फळीवर बसली होती.

पुढे टॉर्च मारला तर आडव्या फळीला तळाशी जोडणारी फायबरची पट्टी नखाने सुटते. काचेचे धागे पांढरेफटक, रेझिन पोचलंच नाही. मी तिथेच बसून राहिलो. बाहेर पाऊस. तू हवा होतास.

यार्डवाल्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, तुम्ही चुकीची हाताळलीत. वकिलाने धीर दिला. म्हणाला, स्वतःच्या वापरासाठी घेतलीय, धंद्यासाठी नाही, म्हणजे तुम्ही ग्राहक. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, गोव्याला जायला नको, अलिबागला जिल्हा आयोगातच. दोन वर्षांच्या आत. व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, आईच्या दागिन्यांशेजारी.

पण मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. परवा एक माणूस आला. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी हवीय. १२ लाख देतो म्हणतो, नारळी पौर्णिमेआधी हवी. बाहेरून हात फिरवला, इंजिन बघितलं, खूश. फळी उचल म्हणालाच नाही. तुझी वहिनी म्हणते, द्या, सुटा. चूक नाही तिची. कर्जाचा हप्ता आहे, मोठीचं कॉलेज आहे. आणि ती त्या दिवशी होडीत होती, तिला ती दारात नको आहे. पण तो दर फेरीला परकी पोरं बसवणार. थळच्या माणसाची होडी अण्णांनी परत घेतली ते वर्ष आठव. तुझी आई काय काय बोलली आणि आपण दोघं पडवीत गप्प. मला तेव्हा अण्णांचा राग आला होता, तुझी सायकल गेली म्हणून. आपलं भांडणही झालं, तू अण्णांची बाजू घेतलीस.

रविवारी तो पुन्हा येतोय. मी डेक उघडून ठेवणार, फळ्या काढून, व्हॉल्व्ह समोर ठेवून. मग घेईल तर घेईल. घेणार नाही, मला माहीत आहे. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ते कसं सांगू, हे तू सांग.

तुझी बदली रद्द झाली का? चिमणीचा निकाल कळला, पेढे उधार. तुला अजून नावेत मळमळतं का रे? मांडव्याच्या रोरोत बस, गाडीसकट येता येतं, त्यात कुणाला लागत नाही. अण्णांची लाकडी हातोडी माळ्यावर असेल तर घेऊन ये. प्लास्टिकच्या मुठीने आवाज नीट कळत नाही, आणि उजव्या बाजूचा तळ वाजवायचा राहिलाय.

तुझा,
बाळ्या