घाटातून गाडीवर येऊ नकोस

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री पान अर्धं टाकून निघालास, तेही भर पावसात. पोचल्याचा मेसेज आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फोनवर तू "हो, हो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

नोकरी सोडून वाईला यायचं जे खूळ काढलंयस, ते आधी डोक्यातून काढ. नाना गेल्यापासून मी एकटी आहे हे खरं, पण त्यावर तुझी नोकरी सोडणं हा उपाय नव्हे. काल सकाळी विहिरीच्या मोटरीने हवा धरली. हे होते तोवर मी त्या मोटरीला कधी हात लावला नव्हता. शेजारी हाक मारणार होते, मग म्हटलं, बघू तरी. वरचं बूच सोडवलं, तांब्याने पाणी ओतत राहिले, बुडबुडे थांबल्यावर बूच आवळून बटण दाबलं. पाणी आलं. नंतर तिथेच पायरीवर बसून रडले, ते वेगळं. पण टाकी भरली.

कागदपत्रंही मार्गी लागताहेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली हे बरं झालं. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस, मग सातबाऱ्यावर आपली तिघांची नावं लागतील. तिघांचीच. काकू म्हणाल्या, ताईकडून हक्कसोडपत्र करून घ्या. मी स्पष्ट नाही म्हटलं. पेन्शनसाठी पंचायत समितीतही जाऊन आले. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता माझा द्यायचा. हे त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, आठवतं?

तर माझं चाललंय. मला सहन होत नाही ते तुझं गाडीवरून येणं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि अंधारात, ट्रकांच्या मागे खंबाटकी चढायची. जाताना तर बोगद्याच्या पुढचं ते एस वळण. तिथे किती अपघात झालेत हे तुला मी सांगायला नको. तू निघालास की मी देवाजवळ बसते, पण जप होत नाही, सगळं लक्ष फोनकडे. बरं, राहू दे. या विषयावर फार लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझे आजोबा, अण्णा गेले तेव्हा तू दोन वर्षांचा. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी नाना शाळेत हजर. मुंडण केलेलं, म्हणून टोपी. चौथीच्या वर्गात एका पोराने विचारलं, "गुरुजी, टोपी का घातली?" यांनी टोपी काढून दाखवली, "माझे वडील गेले," एवढंच म्हणाले आणि फळ्यावर भागाकार घातला. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी आले. दिवे गेलेले, कंदिलाशी तपासत बसले. मध्येच लाल पेन खाली ठेवून म्हणाले, "विहिरीचा झरा नक्की कुठल्या बाजूला आहे, ते अण्णांना विचारायचं राहिलं." आणि परत पुढची वही. मला तेव्हा राग आला होता, माणूस इतका कोरडा कसा म्हणून. रडले ते पुढे पितृपंधरवड्यात, अण्णांचं पान वाढताना. त्या दिवशी घास गिळेना त्यांना.

तूही कामात असा मध्येच थांबत असशील. थांब. पण ताई म्हणाली तू क्रिकेटला जायचं सोडलंस, मित्रांचे फोन घेत नाहीस. जात जा रे. नाना गेले म्हणून हसायचं नाही असं कोणी सांगितलं? डबा वेळेवर खा, रात्री लवकर झोप, रजा अशा उधळू नकोस, पुढे लागतील... झालं, माझा उपदेश सुरू झाला. चिडू नकोस. नाना असते तर मला तिथेच थांबवलं असतं.

गणपतीचं ठरवलंय. सगळे म्हणतात वर्षभर सण नाही. मी बसवणार. दीड दिवसाचा, आरास नको, पण मूर्ती आणायची आणि ती तू आणायची. आरतीचं ताट मी धरणार, कोणी काही म्हणो. दहाव्याला घाटावर आत्या माझ्या बांगड्यांना हात घालायला पुढे झाल्या तेव्हा तू मध्ये उभा राहिलास. एक शब्द मोठ्याने न बोलता. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा पेपर वाचून हे म्हणाले होते, आपल्याकडेही असंच व्हायला हवं. ते तू ऐकलं होतंस, लक्षात ठेवलं होतंस, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा बोलता आलं नाही. आज लिहिते, मला तुझा फार अभिमान वाटतो.

म्हणून तर जिवाला घोर. तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू? यापुढे एसटीनेच ये, स्वारगेटहून गाड्या आहेत. आणि दर आठवड्याला येऊही नकोस. एका शनिवारी तू ये, एका शनिवारी मी येते. बायकांना अर्धं तिकीट आहे, मला काही जड नाही. तुझी खोली बघेन, दोन दिवस राहीन, कुठे फिरायला नेलंस तर येईन. स्वारगेटवर मला घ्यायला येशील तेव्हाही गाडी हळूच चालव.

धोम धरणाचं पाणी सोडलंय, घाटावर पाणी चढलंय, पण आपल्या आळीला काही धोका नाही. बातम्या बघून धावत निघू नकोस.

तुझी,
आई

ता. क. येताना आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आण, तलाठ्याने मागितल्यात. ताईलाही सांग.